तिसरी खेळी : रुय लोपेझ समजून घेताना



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं बुद्धिबळावर बोलावं याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. संयोजकांनी मला खरं तर 'समजणं म्हणजे काय' या विषयावर बोला, असं सांगितलं होतं. मी म्हटलं, त्याच विषयावर बोलतो, पण पट मांडून बोलतो. म्हणून मागे हा मोठा पट टांगला आहे. ज्यांना खेळ येत नाही त्यांनी घाबरू नये. मोहरी कशी चालतात एवढं आठवत असलं तरी पुरे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मी कॉलेजात होतो, सत्तरच्या आसपासची गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाण्याआधी ग्रंथालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि त्यातली 'रुय लोपेझ' नावाची सुरुवात बारा-बारा खेळ्यांपर्यंत पाठ केली. तीन-चार प्रमुख फांद्या, प्रत्येकीच्या उपफांद्या, सगळं वहीत उतरवून. पहिल्याच फेरीत समोर आला एका शेतकी महाविद्यालयाचा मुलगा. मी पांढरी मोहरी घेऊन रुय लोपेझ मांडली. त्यानं तिसऱ्याच खेळीला माझ्या वहीत नसलेली चाल केली. मी गोंधळलो. पण पुस्तकात एक वाक्य ठळक होतं : या सुरुवातीत काळ्याच्या मधल्या प्याद्यावर दबाव असतो. ते प्यादं तर समोर उघडं दिसत होतं. मी घेतलं. सातव्या खेळीला मला मात झाली.

डाव संपल्यावर तो मुलगा म्हणाला, "अरे, ते प्यादं का घेतलंस?" मी म्हटलं, "पुस्तकात धमकी आहे असं लिहिलंय." तो म्हणाला, "असेल. पण धमकी खरी आहे का, ते तू पाहिलंस का?"

आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नावर आहे.

आता पटाकडे बघा. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी असं एचपर्यंत म्हणायचं आणि आडव्या पट्ट्यांना खालून १ ते ८. पांढरा राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, ई-४. काळाही तेच करतो, ई-५. पांढरा घोडा काढतो, एफ-३ वर. तो काळ्याच्या ई-५ प्याद्यावर नेम धरतो. काळा आपला घोडा सी-६ वर आणून त्या प्याद्याला राखण देतो. आणि तिसऱ्या खेळीला पांढरा आपला उंट थेट बी-५ वर नेऊन बसवतो, राखण करणाऱ्या घोड्याच्या समोर. झाली रुय लोपेझ. स्पेनमधल्या माणसाच्या नावावरून आली म्हणून हिला 'स्पॅनिश' असंही म्हणतात.

पाहणाऱ्याला वाटतं, अर्थ सरळ आहे. उंटानं घोडा मारायचा, राखणदार गेला, मग आपल्या घोड्यानं प्यादं खायचं. करून बघू. उंट घोडा मारतो. काळा डी पट्टीवरच्या प्याद्यानं उंट परत घेतो. आपला घोडा ई-५ चं प्यादं खातो. आता काळा वजीर डी-४ वर आणतो. तिथून तो आपला घोडाही धरतो आणि ई-४ चं प्यादंही. घोडा हलवला की प्यादं गेलं, तेही शह देऊन! म्हणजे खाल्लेलं प्यादं ओकावं लागलं आणि आपला चांगला उंट फुकट खर्ची पडला.

म्हणजे ही धमकी आज खरी नाही. पण ती खोटीही नाही. आपलं ई-४ चं प्यादं पक्कं झालं की ती खरी होईल. अॅरिस्टॉटलनं सुप्त शक्ती आणि प्रत्यक्ष क्रिया असा भेद केला, तो मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवला. बीमध्ये झाड असतं, पण झाड म्हणून नसतं. मला तो भेद नीट कळला तो या उंटामुळे. रुय लोपेझचा साडेचारशे वर्षांचा इतिहास म्हणजे या सुप्त धमकीचं काय करायचं, यावरचा वाद आहे.

हा वाद सुरू केला एका धर्मगुरूनं. रुय लोपेझ दे सेगुरा हा स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागातल्या साफ्रा गावचा पाद्री. १५६० च्या सुमारास तो रोमला गेला असताना त्याच्या हाती दामियानो नावाच्या पोर्तुगीज लेखकाचं बुद्धिबळाचं पुस्तक पडलं. ते १५१२ मध्ये रोममध्येच छापलेलं होतं. लोपेझला ते पसंत पडलं नाही. परत येऊन त्यानं स्वतःचा ग्रंथ लिहिला, तो १५६१ मध्ये अल्काला इथे प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे शास्त्रार्थाची एक रीत आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याचं खंडन. लोपेझचा पूर्वपक्ष होता दामियानो. दामियानो म्हणत होता की ई-५ च्या प्याद्याला घोड्यानं राखण देणं सर्वांत उत्तम. लोपेझनं विचारलं, उत्तम? मग मी उंट बी-५ ला आणला तर? त्याच्या मते काळ्यानं घोडा काढूच नये, डी-६ ला प्यादं टाकून राखण द्यावी. गंमत बघा, ज्या माणसाचं नाव या सुरुवातीला पडलं, त्यानं ती दुसऱ्याची चूक दाखवण्यासाठी मांडली होती! आणि खेळी त्याच्याही आधीची आहे. १४९० च्या सुमारास लिहिलेल्या, गॉटिंगनमध्ये जपलेल्या एका हस्तलिखितात ती सापडते.

त्याच्या फार मागे मात्र ती जाऊ शकत नाही, आणि कारण तुमच्या लक्षात येईल. जुन्या अरबी-युरोपीय खेळात हा उंट तिरका फक्त दुसऱ्या घरात उडी मारायचा. वजीर एकच घर तिरका सरकायचा. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेनच्या बाजूला नियम बदलले आणि उंट व वजीर यांना लांब पल्ला मिळाला. त्याशिवाय उंट एफ-१ वरून एका खेळीत बी-५ ला पोहोचणंच अशक्य. आमच्या वाड्यात आजोबा देशी पद्धतीनं खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. म्हणजे त्यांच्या पटावर ही सुरुवात पहिल्या खेळीलाच अडली असती. विचार कितीही स्वतंत्र वाटला तरी तो कुठल्या तरी नियमांच्या जमिनीवर उगवतो, हे विसरू नये.

लोपेझ स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या काळातला मोठा खेळाडू. १५७५ च्या सुमारास माद्रिदमध्ये लिओनार्दो आणि पाओलो बोई या इटालियनांनी त्याला हरवलं. त्याच्या नावावर सांगितला जाणारा एक सल्ला तुम्हाला आवडेल : पट असा मांडावा की उजेड प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर येईल. पाद्री असला तरी माणूस व्यवहारी होता.

यानंतर ही सुरुवात जवळजवळ तीनशे वर्षं मागे पडून राहिली. कारण त्या काळाची आवड वेगळी होती. मोहरी बळी द्यायची, राजावर धावून जायचं, झटपट मात. १८५१ मध्ये लंडनमध्ये अँडरसन यांनी किझेरित्स्की यांच्याविरुद्ध दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीरही देऊन मात केली. तो 'अमर डाव' राजाच्या गँबिटचा होता. अशा जमान्यात लगेच खरी न होणारी धमकी कोणाला आवडणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रशियातल्या कार्ल येनिश यांनी या सुरुवातीचं पद्धतशीर विश्लेषण केलं आणि लोक तिच्याकडे पुन्हा वळले.

मग काळ्या बाजूनं सर्वांत महत्त्वाचं उत्तर रूढ झालं. तिसऱ्या खेळीला ए-६, एक छोटंसं प्यादं एक घर पुढे. याला अमेरिकेच्या पॉल मॉर्फीचं नाव आहे. तो पहिला नव्हता, पण त्याच्यामुळे ते चाललं. हे प्यादं उंटाला विचारतं : बाबा रे, घोडा मारणार आहेस की मागे जाणार आहेस? इथून रस्ते फुटतात.

पहिला रस्ता, मारून टाका. प्यादं मिळणार नाही हे आपण पाहिलंच. मग मारायचं कशाला? तर काळ्याची दोन प्यादी सी पट्टीवर एकामागे एक येतात. पुढे मध्यावरचं डी प्यादं आपण बदललं की हिशेब असा होतो : राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी, काळ्याची तीन. वजिराच्या बाजूला काळ्याची चार, आपली तीन. पण त्याच्या चारांतली दोन एकाच पट्टीवर अडकलेली. सगळी मोहरी मारामारीत निघून गेली आणि नुसते राजे व प्यादी उरली, तर पांढरा पुढे सरकणारं प्यादं तयार करू शकतो, काळ्याला ते फार अवघड. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या खेळीलाच चाळिसाव्या खेळीचा विचार! काळ्याला मोबदला मिळतो तो दोन उंटांचा.

या रस्त्याला 'नुसती बरोबरी' म्हणून नावं ठेवली जायची. १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत इमॅन्युएल लास्कर मागे होते आणि तरुण कापाब्लांका पुढे. लास्करना जिंकणं भाग होतं. सगळ्यांना वाटलं, ते काहीतरी झंझावाती खेळतील. त्यांनी खेळला हा शांत रस्ता. वजीर लवकरच पटावरून गेले. कापाब्लांकांना जिंकायची गरज नव्हती, ते आरामात राहिले. आणि या रस्त्यात आरामात राहणं काळ्याला परवडत नाही. लास्करनी एफ-५ ला प्यादं ढकललं. स्वतःचं ई प्यादं दुबळं करून घेतलं, पण घोड्यासाठी ई-६ ची जागा मिळवली. तो घोडा तिथे ठाण मांडून बसला आणि डाव लास्करनी जिंकला. शेवटी स्पर्धाही अर्ध्या गुणानं जिंकली. लास्कर गणितातले डॉक्टरेट, तत्त्वज्ञानावरही लिहिणारे. संघर्ष हा त्यांचा आवडता विषय. खेळी चांगली की वाईट हे फक्त पटावर ठरत नाही, समोर कोण बसलंय आणि त्याला काय हवंय यावरही ठरतं, हे त्यांच्याइतकं कोणी ओळखलं नव्हतं. पुढे १९६६ मध्ये हवाना ऑलिम्पियाडमध्ये बॉबी फिशरनी हाच रस्ता पुन्हा काढून पोर्तिश आणि ग्लिगोरिच यांच्यासारख्यांना हरवलं.

दुसरा रस्ता, आणि हाच हमरस्ता, म्हणजे उंट ए-४ ला मागे घेणं. धमकी तशीच ठेवायची. काळा दुसरा घोडा काढून आपल्या ई-४ च्या प्याद्यावर नेम धरतो. आपण त्याची राखण न करता किल्लेकोट करतो. काळा उंट ई-७ ला आणतो. आता आपण हत्ती ई-१ वर आणतो. सहावी खेळी आहे ही. इथे क्षणभर थांबा.

ई-४ चं प्यादं आता हत्तीनं राखलं आहे. म्हणजे तिसऱ्या खेळीला दिलेली धमकी सहाव्या खेळीला खरी झाली! आता घोडा मारून प्यादं खाल्लं तर ते सहजी परत मिळत नाही. म्हणून काळा याच क्षणी बी-५ ला प्यादं टाकून उंटाला हाकलतो. पुस्तकात या सगळ्या खेळ्या एका ओळीत छापलेल्या असतात आणि मी त्या एका दमात म्हणून दाखवायचो. पण काळा बी-५ नेमकं इथेच का खेळतो, हे मला कॉलेजात कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुढे पांढरा सी-३ खेळतो. त्यातून मध्यावर डी-४ खेळायची तयारी होते आणि उंटाला सी-२ वर मागे जायला जागाही मिळते. मग एच-३, म्हणजे काळ्याचा उंट जी-४ ला येऊन घोडा जखडू नये. इथवर नऊ खेळ्या झाल्या, पटावर एकही मोहरं गेलेलं नाही. पांढरा बी-१ चा घोडा डी-२, एफ-१, जी-३ असा लांबून राजाच्या बाजूला नेतो. सगळं सावकाश. काळ्याला श्वास मिळतो, पण मोकळा नाही. जाणकार लोक याला 'स्पॅनिश छळ' म्हणतात ते उगीच नाही.

या जागी काळ्याची तीन मोठी उत्तरं आहेत आणि तीन माणसांचे तीन स्वभाव त्यांत दिसतात. रशियाचे चिगोरिन म्हणाले, घोडा ए-५ ला न्या, त्रास देणाऱ्या उंटाला सरळ गाठा, मग सी-५ खेळून वजिराच्या बाजूला जागा घ्या. यात घोडा पटाच्या कडेला अडकतो, ती किंमत. हंगेरीचे ब्रेयर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९२१ मध्ये गेले. त्यांच्या नावाचं उत्तर तर चक्रावून टाकणारं आहे : सी-६ चा घोडा परत बी-८ ला न्यायचा, जिथून तो निघाला होता तिथे! नऊ खेळ्यांनंतर घोडा घरी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा वेडेपणा आहे. पण तो घोडा आता डी-७ मार्गे येणार, ई-५ च्या प्याद्याला तिथूनही राखण देणार, बी-७ वर येणाऱ्या उंटाची तिरकी वाट मोकळी करणार आणि सी प्याद्यालाही सुटा करणार. घोडा चांगल्या घरात होता, पण तिथे त्याचं काम उरलं नव्हतं. तिसरं उत्तर इगोर झैत्सेव यांचं. उंट बी-७ वर, हत्ती ई-८ वर, आणि पांढऱ्याच्या मध्यावर थेट दाब. झैत्सेव हे कार्पोव यांचे सहायक. कार्पोवनी ही पद्धत १९९० मध्ये कास्पारोवविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातही वापरली.

१९७२ मध्ये मी एम. ए. ला होतो. फिशर-स्पास्की सामन्याचे डाव वर्तमानपत्रातून कापून ठेवायचो. दहाव्या डावात ब्रेयरचं उत्तर आलं, स्पास्की काळ्या बाजूनं. फिशर जिंकले. मी त्या डावातली घोडा बी-८ ही खेळी बराच वेळ छपाईची चूक समजत होतो.

तिसरा रस्ता मोकळ्या हवेचा. पाचव्या खेळीला पांढऱ्यानं ई-४ चं प्यादं बिनराखणीचं ठेवलं ना? मग काळा ते घोड्यानं खातोच. प्यादं परत जाणार हे त्याला माहीत असतं, पण त्याबदल्यात मोहऱ्यांना वाटा मिळतात. न्यूरेंबर्गचे डॉक्टर टाराश यांचा या पद्धतीवर फार विश्वास. पुढे कोर्चनॉयही तिचे मोठे पुरस्कर्ते. १९७८ मध्ये बागियोच्या सामन्यात दहाव्या डावात कार्पोवनी झैत्सेव यांच्या सुचवणुकीवरून अकराव्या खेळीला घोडा जी-५ ला टाकला, वजिरानं सरळ खाता येईल असा. कोर्चनॉयनी तो घेतला नाही आणि डाव बरोबरीत सुटला. सतरा वर्षांनी, १९९५ मध्ये, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये विश्वनाथन आनंद आणि कास्पारोव समोरासमोर होते. आठ डाव बरोबरीत, नववा आनंदनी जिंकला. दहाव्यात हीच स्थिती आली. कास्पारोवनी चौदाव्या खेळीला उंट सी-२ वर नेला आणि एक हत्ती सोडून दिला. ही कल्पना ताल यांनी पूर्वी सुचवली होती असं सांगतात. तो डाव आनंद हरले आणि पुढे सामनाही. एका बागियोच्या खोलीत पेरलेलं बी दुसऱ्याच शहरात, दुसऱ्याच माणसांमध्ये उगवलं.

आता धमकीच्या विषयाकडे परत येतो, कारण यातली सर्वांत सुंदर गोष्ट अजून राहिली आहे. १९१८, न्यूयॉर्क. फ्रँक मार्शल यांनी कापाब्लांकांविरुद्ध आठव्या खेळीला डी-५ खेळून एक प्यादं सोडून दिलं आणि राजावर जोरदार हल्ला केला. दंतकथा अशी की मार्शलनी ही खेळी कापाब्लांकांसाठी कित्येक वर्षं लपवून ठेवली होती. ती फारशी विश्वासार्ह नाही. कापाब्लांकांनी पटावर बसून एकेक उत्तर शोधलं आणि डाव जिंकला.

म्हणजे मार्शल हरले. पण कल्पना? ती टिकली. मार्शलनीच पुढे तिच्यात सी-६ ची सुधारणा केली. आज बरेच मोठे खेळाडू पांढऱ्या बाजूनं आठव्या खेळीला सी-३ खेळतच नाहीत, ए-४ किंवा एच-३ खेळतात. का? तर समोरच्यानं मार्शल हल्ला करू नये म्हणून. एक खेळी, जी पटावर आलीच नाही, ती दुसऱ्याची खेळी बदलायला लावते. बुद्धिबळाच्या जगात एक वचन निम्झोविच यांच्या नावावर सांगतात, की धमकी ही अंमलबजावणीपेक्षा बलवान असते. माझी त्याला एक पुस्ती आहे : जोवर समोरचा ती तपासून बघत नाही तोवर.

आणि तपासून बघितलं तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे बर्लिन बचाव. काळा ए-६ न खेळता तिसऱ्या खेळीलाच घोडा एफ-६ वर काढतो. पांढरा किल्लेकोट करतो, काळा ई-४ चं प्यादं खातो, आणि मारामारी होत होत आठव्या खेळीला दोन्ही वजीर पटावरून जातात. काळ्याचा राजा मध्येच अडकतो, किल्लेकोटाचा हक्क जातो, सी पट्टीवर प्यादी एकामागे एक. एकोणिसाव्या शतकात स्टाइनिट्झ आणि लास्कर हा बचाव खेळले, पण पुढे तो कपाटात गेला. पांढरा सरस, असा पुस्तकांचा शेरा. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात त्याला अर्धं पान होतं. मी ते वाचलंसुद्धा नव्हतं.

२००० साली लंडनमध्ये कास्पारोव आपलं पंधरा वर्षांचं जगज्जेतेपद राखायला बसले. समोर व्लादिमिर क्रामनिक. क्रामनिकनी तो धूळ खात पडलेला बचाव काढला. कास्पारोवची ताकद वजिरांसह चालणाऱ्या वादळात, आणि इथे तर आठव्या खेळीला वजीरच नाहीत. चार डावांत तो आला, चारही बरोबरीत. पंधरा डावांत कास्पारोवना एकही डाव जिंकता आला नाही. क्रामनिक साडेआठ-साडेसहा असे जिंकले. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली, ती पटावर २००० मध्ये पुन्हा उभी राहिली, असं लोक विनोदानं म्हणायचे. पण भिंत अभेद्य आहे असंही नव्हे. २०१४ मध्ये सोचीला अकराव्या डावात आनंद तिच्यामागे उभे होते, आणि कार्लसननी ती फोडली.

इथे इतिहासकारानं विचारायला हवं : शंभर वर्षं सगळे चुकले होते का? तसं नाही. शेरा चूक नव्हता. काळ्याचा राजा मध्येच होता, प्यादी बिघडलेली होती. चुकलं एवढंच, की शेरा मिळाल्यावर प्रश्न विचारणं थांबलं. 'सरस आहे' म्हणजे किती? जिंकण्याइतकं? कोणाविरुद्ध? क्रामनिकनी नवीन खेळी शोधली नाही. त्यांनी जुना प्रश्न पुन्हा विचारला.

आता माझ्याबद्दल थोडं, आणि हे सांगणं मला सोपं नाही. मी चांगला शिक्षक म्हणून ओळखला जायचो. माझ्या नोट्स प्रसिद्ध होत्या. देकार्तच्या संशयाचे चार मुद्दे, कांटचे पाच मुद्दे, आक्षेप तीन, निष्कर्ष एक. मुलांना गुण पडायचे. एकदा उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थिनीचं उत्तर हाती आलं. प्रश्न कांटवर होता. तिनं माझ्या नोट्समधला एकही मुद्दा लिहिला नव्हता. कांटला मुळात कशाची अडचण होती, ह्यूमनं असं काय विचारलं की त्याची झोप उडाली, एवढंच तिनं दोन पानं समजून घ्यायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी 'मला इथून पुढे नीट कळत नाही' असं लिहून थांबली होती. मी सोळापैकी पाच गुण दिले. मुद्दे नाहीत, म्हणून. नियमाला धरूनच होतं ते. तिनं पुढे तत्त्वज्ञान सोडलं, असं नंतर कानावर आलं. माझ्या पाच गुणांमुळेच सोडलं असं मी म्हणत नाही. पण त्या वर्गातल्या साठ उत्तरपत्रिकांत प्रश्न समजलेली ती एकटी होती, आणि ते मला निवृत्तीनंतर, एका रात्री हाच पट मांडून बसलो असताना लक्षात आलं. मी सातव्या खेळीला मात खाल्लेला मुलगा होतो, आणि पुढे पस्तीस वर्षं मी माझ्यासारखेच मुलगे तयार करत राहिलो.

हल्ली म्हणतात, संगणक आला, आता सुरुवातींचा इतिहास संपला. फोनमधलं इंजिन या सगळ्या स्थितींना शून्याच्या जवळपास आकडा देतं, म्हणजे बरोबरी. आमच्या सोसायटीत सातवीतली एक मुलगी माझ्याकडे खेळायला येते. ब्रेयरच्या अठरा खेळ्या तिला तोंडपाठ. मी विचारलं, "अगं, हा घोडा परत घरी का जातो?" ती म्हणाली, "आजोबा, इंजिनला आवडतं!" मी हसलो, पण मला माझी वही आठवली. इंजिनचं उत्तर बरोबरच आहे. माझ्या पुस्तकातलंही बरोबर होतं. प्रश्नाशिवाय दिलेलं बरोबर उत्तर माणसाच्या हातात राहत नाही, नवीन घर दिसलं की निसटतं.

मग मी एक दिवस तिच्यावर तोच प्रयोग केला. ती पांढरी. ई-४, ई-५, घोडा, घोडा, उंट बी-५. मी तिसऱ्या खेळीला घोडा डी-४ ला टाकला, त्या शेतकी महाविद्यालयाच्या मुलासारखा. ई-५ चं प्यादं उघडं. घोड्यानं ते खाल्लं तर काळा वजीर जी-५ ला येतो, एकाच वेळी घोड्यावर आणि जी-२ च्या प्याद्यावर, आणि बी-५ चा उंट तर डी-४ च्या घोड्याच्या तोंडात. मी त्या वेळी एफ-७ चंही प्यादं खाल्लं होतं. मग वजिरानं जी-२ घेतलं, मी हत्ती वाचवला, वजिरानं ई-४ घेऊन शह दिला, मी उंट मध्ये आणला आणि घोड्यानं एफ-३ वर येऊन मात केली. माझ्याच मोहऱ्यांनी कोंडलेला राजा.

ती थांबली. तिच्या पाठांतरात हे नव्हतं. हात प्याद्याकडे गेला आणि परत आला. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं प्यादं घेतलं नाही, शांतपणे घोड्यानं घोडा मारला. तीच योग्य खेळी आहे. मी विचारलं, "प्यादं का नाही घेतलंस?" ती म्हणाली, "घेणार होते. पण तुम्ही ते मुद्दाम सोडलंत असं वाटलं, म्हणून आधी बघितलं."

आधी बघितलं. पन्नास वर्षांपूर्वी मला हे जमलं नव्हतं. तो डाव ती पुढे हरली, पण चाळीस खेळ्या खेळून हरली.

मी इथे थांबतो. पट तसाच मांडलेला ठेवतो. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी पुढे यावं, आणि ज्यांना एक डाव खेळायचा आहे त्यांनीही. मी काळी मोहरी घेईन.